जुना पीसी आणि खिशात पाच हजार: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या भावकीत, कॉलनीत कुणाचाही कॉम्प्युटर रडायला लागला की फोन मला येतो. मी इंजिनिअर वगैरे नाही, एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसतो, पण पंधरा-सोळा वर्षं डबे उघडून हात काळे केलेत त्यामुळे थोडंफार कळतं. प्रश्न दरवेळी तेच असतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी ही लिंकच पाठवीन.

उदाहरण म्हणून जो पीसी पुन्हा पुन्हा येईल तो आमच्या ताईकडचा. २०१२ ला घेतलेला असेंबल्ड, आय३ २१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा (बोर्डवरची मुख्य चिप) बोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. अशी मशीन महाराष्ट्रात अजून कितीतरी घरांत टेबलाखाली सापडतील असा माझा अंदाज आहे. मेव्हण्यांचं टॅली आणि भाच्याचा बारावीचा अभ्यास दोन्ही त्यावरच.

पाच हजारात खरंच काही होतं का, की सरळ नवीनच घ्यावा?

होतं. ताईच्या पीसीला मी २०२४ च्या दिवाळीत हात लावला त्याचं बिल अजून माझ्या डायरीत आहे: २५६ जीबी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपांची डिस्क) १६५०, जुनी ४ जीबी रॅम ४००, जुना आय५ ३४७० प्रोसेसर १८००, थर्मल पेस्ट १२०, साटा केबल (डिस्क बोर्डला जोडणारी) ६०, सेल ४०. एकूण ४०७०. पीसी आज पण चालू आहे. आता एक सांगतो, २०२५ च्या शेवटाला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा उचलायला सुरुवात केली आणि रॅम, एसएसडी दोन्हीचे भाव चढले, त्यामुळे माझे आकडे घेऊन दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, त्या दिवशीचा भाव विचारा.

पण होतं म्हणजे काय होतं ते ऐका. ब्राउझर, टॅली, एक्सेल, यूट्यूब, ऑनलाइन फॉर्म, झूमचा क्लास, हे सगळं सुरळीत होतं. फोरके व्हिडिओ एडिटिंग आणि नवे गेम पाच हजारात होत नाहीत, तसं सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकतोय.

आधी काय बघू? सगळेच म्हणतात रॅम वाढव.

काही विकत घ्यायच्या आधी मशीन कुठं अडतंय ते बघा. पीसी जेव्हा खरोखर अडकलेला असतो ना, म्हणजे क्रोममध्ये सातआठ टॅब उघडे आणि माऊस सुद्धा हलेना, त्याच वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) वीसतीसवर लोळत पडलेला, असं असेल तर हार्ड डिस्क गुन्हेगार आहे. मेमरी नव्वदच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. मेमरी आणि डिस्क दोन्ही चढलेले असतील तर बहुतेक वेळा रॅम संपल्यामुळं विंडोज डिस्कवर लिहा-पुसा करतोय. सीपीयूच १०० ला असेल तर आधी कुठला प्रोग्राम खातोय ते बघा, अपडेट चालू असेल तर अर्धा तास थांबा, उगाच प्रोसेसर बदलू नका.

आणि त्याच्याही आधी, डबा बाहेर काढून गॅलरीत नेऊन उघडा. ताईच्या कॅबिनेटमध्ये प्रोसेसरच्या पंख्याखाली हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) फटींत धूळ अशी बसली होती की फेल्टच्या कापडासारखी एक अख्खी वडी निघाली, आणि एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणारा डबा) मागं पालीची अंडी. गरम झाला की प्रोसेसर स्वतःला हळू करतो, त्यामुळे कधीकधी नुसत्या साफसफाईनं फरक पडतो. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग खराब होतं. ओलं फडकं अजिबात नको.

माझ्या पीसीत नेमकं काय काय आहे ते कसं कळणार?

सीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर टाका. प्रोसेसर, बोर्डचं मॉडेल, रॅम डीडीआर२ की डीडीआर३ की डीडीआर४, कुठल्या खाचेत किती, सगळं दाखवतं. मग बोर्डचं मॉडेल कंपनीच्या साइटवर शोधा, तिथं कोणकोणते प्रोसेसर चालतात आणि कुठल्या बायोसपासून (बोर्डमध्येच भरलेलं सॉफ्टवेअर) चालतात याची यादी असते, तिचा फोटो काढून ठेवा, दुकानात लागतो. (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात त्यामुळे ‘सीपीयू बदलायचाय’ असं दुकानात म्हणालात तर तो नवीन कॅबिनेट दाखवेल. प्रोसेसर म्हणा.)

एसएसडी आधी की रॅम आधी?

दहातल्या नऊ वेळा एसएसडी. कारण समजून घ्या म्हणजे दुकानदारानं कितीही फिरवलं तरी फिरणार नाही. हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात, मिनिटाला ७२०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १२०. वाचणारं डोकं आधी योग्य जागेवर सरकणार आणि मग हवा तो भाग फिरून खाली येईपर्यंत वाट बघणार, दोन्ही मिळून साधारण बारा-तेरा मिलिसेकंद जातात. म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या बारीक फाइली वाचायच्या झाल्या तर सेकंदाला जेमतेम ऐंशी-शंभर. विंडोज चालू होताना हजारो बारीक फाइली वाचतो, वर अँटिव्हायरस, वर अपडेट, सगळे एकाच डोक्याला चारी दिशांना पळवतात. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, हजारो वाचनं एका सेकंदात होतात. पाच-साडेपाचशे एमबी सेकंदाला वगैरे जे खोक्यावर छापतात त्यापेक्षा हा फरक मोठा आहे.

ताईचा पीसी बटण दाबल्यावर क्रोम उघडेपर्यंत चार मिनिटं घ्यायचा. ताई बटण दाबून चहा टाकायला जायची, हे मी गंमत म्हणून सांगत नाही, खरंच जायची. एसएसडीनंतर पस्तीस सेकंद. रॅम, प्रोसेसर तेव्हा जुनाच होता.

अपवाद एकच: पीसीत २ जीबी रॅम असेल तर आधी रॅम, कारण २ जीबीवर विंडोज १० आणि क्रोम एकत्र नांदत नाहीत.

बोर्ड जुना, त्याला साटा टू (डिस्क जोडायचं जुनं, हळू पोर्ट) आहे. एसएसडीचे पैसे वाया जातील ना?

नाही जात. एच६१ च्या चिपसेटमध्ये साटा थ्री नाहीच, तिथं एसएसडी साडेपाचशेच्या ऐवजी अडीचशे-पावणेतीनशे एमबीनं चालते. मोठी फाइल कॉपी करताना तेवढं जाणवेल, बाकी वर सांगितलं तो फायदा पूर्ण मिळतो. बोर्डवर दोन रंगांची पोर्ट असतील तर मॅन्युअल बघून साटा थ्रीवालं शोधा, एच८१ च्या बोर्डांवर अशी दोन असतात.

मग एनव्हीएमईच घेऊ का, किंमत जवळपास सारखीच आहे?

एनव्हीएमई म्हणजे बोर्डवरच्या वेगळ्या खाचेत बसणारी नवी एसएसडी, आणि तुमच्या बोर्डवर ती खाचच नाही. कार्ड लावून बसवता येते पण जुना बायोस त्यावरून बूट होत नाही. अडीच इंची साटा घ्या आणि मोकळे व्हा. डब्यात बसवायला कंस नसेल तर दोन स्क्रूंवर लटकवली तरी चालते, तिच्यात हलणारं काही नाही.

जुनं विंडोज क्लोन (म्हणजे जसंच्या तसं कॉपी) करू की फॉरमॅट मारून नवीन टाकू?

नवीन टाका. दहा वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला न्यायचा. पण टॅलीचा डेटा, फोटो, पासवर्ड आधी काढून ठेवा, आणि मेहेरबानी करून जुनी डिस्क त्या दिवशी पुसू नका, महिनाभर तशीच ठेवा, हमखास काहीतरी राहिलेलं असतं. मेव्हण्यांची २०१७ ची एक कंपनी फाइल अशीच दुसऱ्या ड्राइव्हमध्ये ‘न्यू फोल्डर २’ मध्ये निघाली. क्लोनच करायचं असेल तर क्लोनझिला फुकट आहे, मात्र कुठून कुठं कॉपी करताय ते तीनदा वाचा. उलटं झालं की भरलेल्या डिस्कवर कोरी डिस्क कॉपी होते.

इन्स्टॉल करायच्या आधी बायोसमध्ये जाऊन साटा मोड (बोर्ड डिस्कशी बोलतो ती पद्धत) एएचसीआयवर करा. बऱ्याच जुन्या बोर्डांत तो आयडीईवर, म्हणजे जुन्या पद्धतीवर असतो. विंडोज टाकून झाल्यावर बदलला तर निळा स्क्रीन येतो, म्हणून आधीच. लायसन्सची काळजी नको, विंडोज १० चं डिजिटल लायसन्स बोर्डशी बांधलेलं असतं, एसएसडी बदलली तरी नेटला जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. बोर्ड बदलला तर मात्र भानगड.

रॅम किती आणि कुठली घेऊ?

८ जीबी. १६ घेतली तर वाईट नाही पण ज्या मशीनवर आपण पाच हजार खर्च करतोय तिथं पैसे दुसरीकडे जास्त कामी येतात. विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम त्याला दिसतच नाही, ४ मधलीसुद्धा सव्वातीनच्या आसपासच वापरतो, म्हणून आधी ६४ बिट टाका.

डीडीआर२, ३, ४ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, कड्यावरची खोबण वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर दाबू नका, तुमची चूक झालीय. लॅपटॉपची रॅम आखूड असते, ती डेस्कटॉपला नाही चालत. जुन्या-नव्या स्पीडच्या दोन एकत्र लावल्या तर दोन्ही हळूवालीच्या स्पीडनं चालतात, नुकसान काही नाही. दोन खाचा असतील तर ८ च्या एकीपेक्षा ४ च्या दोन बऱ्या, दोन्ही चॅनेल चालतात आणि इनबिल्ट ग्राफिक्सला त्याचा फायदा होतो.

ऑनलाइन अर्ध्या भावात ८ जीबी डीडीआर३ दिसली तर नीट वाचा. बारीक अक्षरात ‘फक्त एएमडी बोर्डसाठी’ असं असतं, ती इंटेलच्या बोर्डवर चालत नाही. आणि सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम पण अशीच ढिगानं स्वस्त मिळते, ती तुमच्या बोर्डला शून्य उपयोगाची. त्याहून जुना, म्हणजे जी४१ चा बोर्ड असेल तर आणखी एक खोड आहे, एका खाचेत ४ जीबीच्या वर तो घेत नाही आणि ४ जीबीच्या पट्टीवर सोळा चिपा लागतात, आठ चिपांवाली तो ओळखत नाही. दुकानात उभं राहून दोन्ही बाजूंच्या चिपा मोजा, दुकानदार हसला तर हसू दे.

रॅम लावली आणि डिस्प्लेच येत नाही! बोर्ड गेला का?

घाबरू नका, हे सगळ्यांचं होतं. वीज बंद करा, मागची केबल काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जातो. दोन्ही रॅम काढा. सोनेरी दात असतात त्यावरून साधा पांढरा खोडरबर हलक्या हातानं एकाच दिशेनं फिरवा, दोन्ही बाजूंनी. रबर काळा पडेल आणि दात चकाकतील. चुरा फुंकू नका, तोंडातली वाफ बसते, ब्रशनं झटका. मग एकच रॅम एका खाचेत सरळ खाली दाबा, दोन्ही टोकांचे पांढरे चिमटे स्वतःहून टक्क करून मिटले पाहिजेत. एक मिटला आणि एक अर्धवट, म्हणजे बसली नाही. चालू झालं तर बंद करून दुसरी लावा.

रॅम न लावता चालू केलं आणि बोर्ड लांब लांब बीप देत ओरडला तर आनंद माना, बोर्ड जिवंत आहे. (बोर्डला छोटा स्पीकर जोडलेला असला पाहिजे, हल्लीच्या कॅबिनेटमध्ये तो देत नाहीत.)

प्रोसेसर बदलून फरक पडतो का?

आय३ २१२० ला दोन कोअर आहेत, आय५ ३४७० ला चार. टॅब जास्त उघडून झूमवर बसलं की हा फरक कळतो. आणि ११५५ सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्ड असेल तर जुना काढलेला आय५ मिळतो, प्रोसेसर सहसा जुना झाला म्हणून बिघडत नाही, त्यामुळे वापरलेला घ्यायला मी घाबरत नाही. आय७ ३७७० साठी विकणारे जास्त पैसे मागतात, मला तो सौदा पटत नाही.

इथं एका जागी भले भले अडकतात. ३४७० तिसऱ्या पिढीचा, २१२० दुसऱ्या पिढीचा. सॉकेट तोच आहे, पण सुरुवातीच्या एच६१ बोर्डांचा बायोस तिसरी पिढी ओळखत नाही. म्हणून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करा, मग प्रोसेसर बदला. उलट केलं की डिस्प्ले नाही, मग परत जुना लावा, परत पेस्ट लावा. आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड मरतो, म्हणून यूपीएसवर करा किंवा निदान लोडशेडिंगचा दिवस सोडून करा.

या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डवर असतात, केसासारख्या बारीक. प्रोसेसर वरून अलगद ठेवायचा, त्याच्या कडेच्या दोन खाचा बघून, दाबायचा अजिबात नाही, वजनानंच बसतो. पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, मधोमध. बोटानं चटणीसारखी पसरवू नका, हीटसिंक दाबला की पसरते.

मुलगा ग्राफिक्स कार्डसाठी मागं लागलाय.

मुलाला विचारा कुठला गेम. व्हॅलोरंट म्हणाला तर तो विंडोज ११ वर टीपीएम (बोर्डवरची सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट मागतो, जुन्या पीसीत ते सहसा नसतं, म्हणून कार्ड घ्यायच्या आधी तुमच्या विंडोजवर तो चालतो का ते बघा. जुने गेम, थोडी कामं एवढंच असेल तर वेगळी वायर न लागणारं कार्ड बघा. बोर्डची खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देते, जीटी १०३० तीसेक वॅटमध्ये भागतं, पण त्याच नावाचं डीडीआर४ वालं कार्ड पण विकतात, ते जीडीडीआर५ पेक्षा खूपच हळू आहे. खोका वाचा.

फक्त यूट्यूब अडकतोय म्हणून कार्ड घेत असाल तर थांबा. यूट्यूब नव्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवतो, जुन्या ग्राफिक्सला तो उलगडता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. ब्राउझरला एच२६४ मध्ये व्हिडिओ मागायला लावणारं एक्स्टेन्शन फुकट मिळतं. ताईकडं प्रोसेसर बदलायच्या आधी याच्यावरच भागलं होतं.

एसएमपीएस पण बदलायचा का?

कार्ड लावणार नसाल आणि जुना नीट चालत असेल तर नको. आवाज करत असेल, पीसी मधेच रीस्टार्ट होत असेल, जळका वास येत असेल तर मात्र सगळ्यात आधी हाच, कारण हा मरताना बोर्डला घेऊन मरतो.

मी एकदा एका दुकानातून स्टिकरवर ५०० वॅट लिहिलेला घेतला होता, सातशे रुपयांचा. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका, तरी घेतला, गरज होती. आठव्या महिन्यात फट् करून आवाज आला. उघडला तर आत फिल्टरच्या जागा रिकाम्या, बोर्डवर नुसती छापलेली चित्रं, गुंडाळ्यांच्या जागी सरळ तार टाकलेली. तेव्हापासून मी एसएमपीएस वजनावर घेतो, कलिंगडासारखा. स्टिकरवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते बघा, त्याला १२ नं गुणा. ५०० वॅट म्हणणाऱ्याच्या १२ व्होल्टवर १६ अँपिअर असतील तर कामाचे झाले १९२. आणि आत काय आहे ते बघायला तुम्ही उघडू नका, प्लग काढल्यावर पण आतले कपॅसिटर जोरदार झटका देतात, माझा एक दिवस तसाच गेला होता.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. नवीन कॅबिनेट घेऊ?

कॅबिनेट नाही, वायरमन बोलवा. एसएमपीएसमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात ते फेज-न्यूट्रल आणि पत्र्याच्या मध्ये जोडलेले असतात. घराला अर्थिंग नसलं की त्या पत्र्यावर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट अगदी कमी म्हणून नुसत्या झिणझिण्या, पण एसएमपीएस खरंच लीक झाला तर करंटला जमिनीत जायला वाट नाही. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या एक्स्टेन्शनमध्ये घुसवला असेल तर आधी ते काढा.

रोज चालू केला की तारीख २०१२ ची येते.

बोर्डवरचा चपटा सेल गेला. सीआर २०३२, घड्याळवाल्याकडं पण मिळतो. तारीख चुकली की ब्राउझर ‘घड्याळ मागे आहे’ म्हणून बँकेची साइट उघडत नाही. आणि गंमत म्हणजे सेल गेला की बायोसची सेटिंगं पण मूळ जागेवर जातात, एएचसीआयचं परत आयडीई होतं आणि विंडोज निळा पडतो. ‘एसएसडी खराब निघाली’ म्हणून आलेला एक पीसी मी चाळीस रुपयांत परत पाठवलाय.

विंडोज १० बंद झालं म्हणे. आता ११ टाकू का?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. चालायचं बंद होत नाही, सुरक्षेची अपडेट बंद झाली. घरच्या वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ ठेवली होती, अपडेटच्या पानावर जाऊन नाव नोंदवावं लागतं. विंडोज ११ इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० मागतो, म्हणजे ताईचा पीसी नियमात बसत नाही. ती अट टाळून टाकता येतो, लोक टाकतात, पण पुढच्या मोठ्या अपडेटला अडणार नाही याची खात्री कुणी देत नाही आणि टॅलीच्या मशीनवर मी ते करणार नाही. कोअर २ ड्युओवाल्यांनी तर विचारच सोडा, ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून लागणाऱ्या काही इन्स्ट्रक्शन (प्रोसेसरला कळणारे हुकूम) त्या प्रोसेसरात नाहीतच, तो बूटच होत नाही.

नेट, फॉर्म, अभ्यास, टायपिंग एवढंच असेल तर विंडोजच्या जागी चालणारं फुकट लिनक्स मिंट, त्यातलं हलकं एक्सएफसीई बघा. पेनड्राइव्हवरून न टाकताच चालवून बघता येतं, वायफाय, आवाज, प्रिंटर चालतोय का ते दहा मिनिटांत कळतं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच आहे. आमच्या वडिलांना मी २०२३ ला टाकून दिलं, त्यांनी दोन महिने विंडोजच समजून वापरलं. टॅली मात्र त्यावर सरळ चालत नाही, म्हणून मेव्हण्यांकडं विंडोजच आहे.

दुकानात जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि जुनं डोंगलवालं (किल्लीसारखा तुकडा पोर्टला लावल्याशिवाय न चालणारं) सॉफ्टवेअर आहे. ते चालेल ना?

त्याच्यासाठीच जुना बोर्ड सांभाळा! प्रिंटरच्या त्या रुंद पंचवीस पिनांच्या केबलला नव्या बोर्डांवर सहसा जागा नसते, एच६१ च्या कित्येकांवर पोर्ट किंवा आतली पिनांची रांग असते. डोंगलचं सॉफ्टवेअर ३२ बिट विंडोजवरच चालत असेल तर जुनी डिस्क जशीच्या तशी ठेवा, तिला नेट देऊ नका, आणि नेटची कामं एसएसडीवरच्या नव्या विंडोजवर करा. चालू करताना बूट मेनूतून निवडायचं. आमच्याकडचा एक लग्नपत्रिकावाला असाच चालवतो.

सामान कुठून घेऊ?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत. कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावानं विचारलंत तर लोक विचारात पडतात. दिल्लीला कुणी जाणार असेल तर नेहरू प्लेस. बाकी प्रत्येक तालुक्याच्या गावात एखादा रिपेअरवाला असतो ज्याच्याकडं खोक्यात जुने प्रोसेसर, रॅम पडलेले असतात, मला तोच आवडतो कारण तिथं लावून दाखवतो. एसएसडी आणि एसएमपीएस मात्र नवीनच, बिलासकट, वॉरंटीसकट. बिलाचा फोटो काढा, थर्मल कागदावरची अक्षरं वर्षात उडतात आणि वॉरंटी तीन वर्षांची असते. जुनी हार्ड डिस्क फुकट दिली तरी घेऊ नका.

कुठं थांबायचं?

बोर्ड गेला तिथं. जुन्या सॉकेटचे नव्यानं बनवलेले बोर्ड मिळतात, पण बोर्ड, रॅम, एसएमपीएस असं करत तुम्ही आठ-नऊ हजारांवर जाता. त्यात थोडे घालून कंपन्यांच्या ऑफिसातून भाड्याची मुदत संपून निघालेले ब्रँडेड पीसी बघा, आय५ ८५०० वाला मिळाला तर सहा कोअर, आणि विंडोज ११ च्या यादीतला. फक्त अशा बऱ्याच मॉडेलांचा एसएमपीएस आणि बोर्डचा कनेक्टर त्या कंपनीचा खास असतो, बाजारातला बसत नाही, ते धरून चाला. कोअर २ ड्युओ असेल तर मी एसएसडीच्या पुढं एक रुपया घालणार नाही, कारण एसएसडी उद्या दुसऱ्या पीसीला लावता येते, डीडीआर२ रॅम कुठंच लावता येत नाही.

काढलेल्या जुन्या हार्ड डिस्कचं काय करू?

आधी क्रिस्टल डिस्क इन्फो या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बघा. निळं ‘गुड’ असेल तर त्याच डब्यात दुसरी डिस्क म्हणून राहू दे, सिनेमे, फोटो टाकायला. पिवळं ‘कॉशन’ आलं तर त्यावरचं आजच काढा, उद्या नाही. भंगारवाल्याला देणार असाल तर नुसतं फॉरमॅट पुरत नाही, पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिणारं फॉरमॅट करा, जे तासन् तास चालतं, द्रुत वालं नाही. शक्यतो ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रालाच द्या.

ताईकडची ५०० जीबी अजून डब्यातच आहे. परवा तिच्यातून भाच्याच्या बारशाचे फोटो निघाले, तीनशे चौदा. निम्म्यांत माझं बोट आलंय.